स्क्रीनवर एक रंग, प्रिंटमध्ये दुसरा: तपासणी कुठून सुरू करायची

स्क्रीनवर फोटो हवा तसा दिसतो आणि प्रिंट हातात आली की रंग हललेला असतो. सोलापुरात हा त्रास दोघांना जास्त होतो. एक, लग्नाचे अल्बम करणारे स्टुडिओ; दुसरे, चादरी, टॉवेल आणि शाळेच्या गणवेशांचे कॅटलॉग छापून घेणारे व्यापारी. अल्बममध्ये चेहरे बिघडतात, कॅटलॉगमध्ये राणी, मोरपंखी आणि भगवा. कारणं मात्र दोन्हीकडे तीच ती असतात आणि त्यातली बरीचशी एक रुपया न घालवता सुटतात.

लक्षण आधी नीट ओळखा

प्रिंट सगळीच काळपट आहे, पण रंग तसे बरोबर आहेत: स्क्रीनचा ब्राइटनेस जास्त आहे. सगळ्यात जास्त भेटणारं दुखणं हेच.

पूर्ण प्रिंटवर निळसर किंवा पिवळट झाक आहे: बघण्याचा प्रकाश, स्क्रीनचा पांढरा किंवा कागद.

प्रिंट लालसर-जांभळट आणि गडद आली: रंगाची दुरुस्ती दोनदा झाली आहे, एकदा सॉफ्टवेअरमध्ये आणि एकदा प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये (कॉम्प्युटरवरून प्रिंटर चालवणारा प्रोग्राम).

चेहरे हिरवट, करडे भागही हिरवट: सहा रंगांच्या प्रिंटरमध्ये लाइट मॅजेन्टा कमी पडतोय. चेहरे आणि करडे भाग गुलाबी पडले तर लाइट सायन.

आडव्या बारीक रेघा: नोझल, म्हणजे प्रिंटरच्या हेडमधली इंक सोडणारी बारीक छिद्रं, बंद.

सगळेच रंग मळकट, जीव गेल्यासारखे: फाइलचा कलर प्रोफाइल (फाइलमधले आकडे म्हणजे नेमका कोणता रंग, हे सांगणारी नोंद) चुकलाय किंवा ड्रायव्हरमध्ये साधा कागद निवडलाय.

बाकी सगळं ठीक, फक्त एकदोन भडक रंग फसतात: तो रंग त्या इंक-कागदाच्या आवाक्याबाहेरचा आहे. ही बिघाडाची खूण नव्हे.

एक नियम सुरुवातीलाच. प्रिंट चुकली म्हणून फोटोचे स्लायडर ओढू नका. प्रिंटरचा दोष फोटोत झाकला, की पुढचा प्रत्येक फोटो तसाच झाकत बसावं लागतं, आणि तीच फाइल लॅबला गेली की तिथे उलटी चूक दिसते. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक चाचणी प्रिंटच्या मागे तारीख, कागद आणि सेटिंग लिहून ठेवा.

चाचणीसाठी एक ठरलेली फाइल

खाली सांगितलेली प्रत्येक तपासणी याच फाइलवर करायची. एसआरजीबी या नेहमीच्या प्रोफाइलमध्ये ए४ आकाराची फाइल बनवा. त्यात एक मोठा करडा चौकोन ठेवा, लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे १२८. त्याखाली ० ते २५५ अशी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्यांची पट्टी. मग नीट उजेडात काढलेला एक चेहरा, आणि एक पांढरा कपडा ज्याच्या चुण्या दिसतात. सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजाबरोबर चालणाऱ्यांच्या बाराबंदीचा फोटो असेल तर त्याहून चांगलं काही नाही. जानेवारीच्या उन्हात ती बाराबंदी पांढरीशुभ्र आणि चुण्यांच्या सावलीत किंचित निळसर असते. प्रिंटमध्ये ती गुलाबी किंवा हिरवट दिसली तर झाक लगेच कळते. लाल शालूत तीच झाक दडून जाते. डोळ्याला करड्या आणि पांढऱ्यात जे फरक दिसतात ते भडक रंगात दिसत नाहीत, म्हणून हा खटाटोप.

एकाच रंगसंगतीचा, नेहमीचाच फोटो चाचणीला घेतला तर दोष फोटोचा की यंत्राचा, हेच कळत नाही.

१. प्रकाश

प्रिंट स्वतः उजेड देत नाही, पडलेला उजेड परत फेकते. त्यामुळे पिवळ्या बल्बखाली ती पिवळट आणि ६५०० केल्व्हिनच्या थंड पांढऱ्या ट्यूबखाली निळसर दिसणारच. छपाईच्या धंद्यात प्रिंट तपासायला ५००० केल्व्हिनच्या आसपासचा प्रकाश धरतात. दुकानात एक तेवढा दिवा टेबलावर लावा. पाकिटावर केल्व्हिन (उजेड पिवळट की निळसर) आणि सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात) असे दोन आकडे असतात. सीआरआय ९० च्या वर बघून घ्या. सीआरआय कमी असलेल्या स्वस्त एलईडीखाली लाल रंग मरतो आणि गव्हाळ चेहरे आजारी दिसतात.

दिवा आणायच्या आधी फुकटातली चाचणी करा: प्रिंट सकाळी दहाच्या सुमारास दारात, थेट ऊन टाळून, सावलीत बघा. तिथे झाक गेली तर प्रिंटरला हात लावायचं कारण नाही.

फोटो पेपरमध्ये पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात. अतिनील किरण पडले की ती निळसर चमकतात. बाहेर कागद दुधासारखा पांढरा आणि आत एलईडीखाली किंचित पिवळट, असं होतं ते यामुळे. आणि प्रिंट निघाल्या निघाल्या निकाल देऊ नका. डाय इंक (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची) कागदात मुरते तसा रंग थोडा सरकतो. निदान अर्धा तास थांबा, बारकाईने जुळवायचं असेल तर दुसऱ्या दिवशी बघा.

२. स्क्रीन

बॉक्समधून काढलेला मॉनिटर २५० ते ३५० कँडेलाच्या उजेडावर असतो. शोरूममध्ये उठून दिसावा म्हणून. प्रिंट जुळवायला ८० ते १२० पुरेत. मूळच्या उजळ स्क्रीनवर बसून आपण फोटो नकळत गडद करतो, आणि प्रिंटर इमानदारीने तसाच गडद छापतो.

यंत्राशिवाय जुळवायची पद्धत अशी. फोटोशॉपमध्ये कोरी पांढरी फाइल उघडा. शेजारी तपासणीच्या दिव्याखाली कोरा फोटो पेपर धरा. मॉनिटरच्या बटणाने ब्राइटनेस कमी करत जा. स्क्रीनचा पांढरा आणि कागदाचा पांढरा सारखे उजळ वाटू लागले की थांबा. पहिले दोन दिवस स्क्रीन अंधारी वाटेल, मग डोळा बसतो. काँट्रास्ट मात्र कारखान्याच्या सेटिंगवरच राहू द्या.

त्याच वेळी हे बंद करा: विंडोजचा नाइट लाइट, मॅकवर नाइट शिफ्ट आणि ट्रू टोन, मॉनिटरचा डायनॅमिक काँट्रास्ट, इको मोड, विंडोजमधला एचडीआर. नाइट लाइट संध्याकाळी आपोआप सुरू होतो. "सकाळी बरोबर होतं, रात्री बिघडलं" या तक्रारीचं मूळ अनेकदा तिथेच सापडतं. मॉनिटरमध्ये एसआरजीबी मोड असेल तर तो निवडा. सुरू केल्यावर अर्धा तास तापू द्या, मग रंगाचं काम करा. खिडकीतलं ऊन काचेवर पडत असेल तर मॉनिटर फिरवा.

जुना टीएन पॅनल (स्वस्त एलसीडी स्क्रीनचा एक प्रकार) आणि स्वस्त लॅपटॉप यांच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नका. मान खाली-वर केली की त्यांच्यावरचा रंग बदलतो. ज्या लॅपटॉपच्या माहितीत "४५ टक्के एनटीएससी" लिहिलेलं असतं तो पूर्ण एसआरजीबी दाखवूच शकत नाही. तिथे लाल-हिरवे फिके दिसतात आणि प्रिंट उलट जास्त भडक येते.

३. नोझल

स्क्रीन जागेवर आली, तरी प्रिंटमध्ये झाक आहे. आता प्रिंटरच्या मेंटेनन्समधून नोझल चेक काढा, साध्या कागदावर. प्रत्येक रंगाची जाळी अखंड हवी. पिवळ्या आणि दोन्ही लाइट रंगांच्या जाळ्या डोळ्याला नीट दिसत नाहीत. मोबाइलने फोटो काढून मोठ्या करून बघा. चारदोन नोझल बंद असतील तर रेघ दिसेलच असं नाही. करडा मात्र झाक दाखवतो.

सोलापूरच्या हवेत हे दुखणं मार्च ते मे वाढतं. घरगुती इंकजेटना बहुतेक कंपन्या १० ते ३५ अंशांची मर्यादा देतात, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी. हेडवरची इंक सुकायला दोनतीन दिवसांची सुट्टी पुरते. त्यासाठी:

प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करा. बोर्डाचं बटण दाबून घालवला, किंवा मधेच लाईट गेली, की हेड टोपीखाली जाऊन बसत नाही. उघडं राहिलेलं हेड रात्रभरात सुकतं. लाईट आल्यावर एकदा सुरू करून बटणाने बंद करा, म्हणजे हेड जागेवर जाईल.

उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी सगळे रंग असलेली एक छोटी प्रिंट काढा. क्लीनिंगमध्ये जाणाऱ्या इंकपेक्षा ती स्वस्त पडते.

कूलरचा झोत प्रिंटरवर नको. कोरडेपणा जाईल असं वाटतं, पण ट्रेमधला फोटो पेपर दमट होऊन कडा उचलतो आणि उचललेली कड हेडला घासते. कागद पाकिटातच ठेवा, लागेल तेवढाच काढा.

हेड क्लीनिंग एकदा करा, चेक काढा. परत एकदा करा, चेक काढा. तिसऱ्यांदा करूनही जाळी तुटलेली असेल तर थांबा. प्रिंटर बंद करून बारा तास सोडा. लागोपाठ क्लीनिंग केलं की नळीत हवा ओढली जाते, चालू असलेले नोझलही बसतात आणि वाया गेलेली सगळी इंक प्रिंटरच्या तळाशी असलेल्या शोषक पॅडमध्ये साठते. टाकीच्या प्रिंटरमधलं "पॉवर क्लीनिंग" हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी प्रत्येक टाकी निदान एक तृतीयांश भरलेली आहे हे डोळ्याने बघा.

४. कागद आणि ड्रायव्हर

ड्रायव्हरमधला कागदाचा प्रकार फक्त नाव नसतो. किती इंक सोडायची आणि ती कशी मिसळायची, ते तो ठरवतो. ग्लॉसी कागद घालून "प्लेन पेपर" निवडला तर इंक त्या कागदासाठी मोजलेलीच नसते. काळा करडा दिसतो आणि रंग मळकट. उलट केलं तर कागद भिजतो आणि सावल्या बुजतात. कागद दुसऱ्या कंपनीचा असेल तर दोनतीन ग्लॉसी प्रकारांवर तीच चाचणी फाइल छापून बघा आणि ज्यात काळ्याकडच्या पहिल्या तीन पायऱ्या वेगळ्या दिसतात तो पक्का करा. कागदाच्या पाकिटावर लिहून ठेवा.

बाहेरची स्वस्त इंक भरली असेल तर कंपनीचा प्रोफाइल तिला लागू होत नाही. रंग जुळेल, पण त्यासाठी स्वतंत्र प्रोफाइल करून घ्यावा लागेल, आणि दर वेळी त्याच कंपनीची इंक भरावी लागेल. निम्मी एक, निम्मी दुसरी असं केलं की जुळवणीला काही अर्थ उरत नाही.

५. दुरुस्ती एकाच ठिकाणी

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक ही, कारण प्रत्येक सेटिंग वेगवेगळं बघितलं तर बरोबरच दिसतं. रंग सांभाळायचं काम फोटोशॉपने करावं किंवा ड्रायव्हरने. दोघांनी केलं की प्रिंट लाल-जांभळी पडते.

फोटोशॉपच्या प्रिंट खिडकीत "फोटोशॉप मॅनेजेस कलर्स" निवडलं, तर खाली प्रिंटर-कागदाचा प्रोफाइल निवडा आणि मग प्रिंट सेटिंग्जमध्ये जाऊन ड्रायव्हरची दुरुस्ती बंद करा. एप्सनच्या ड्रायव्हरमध्ये ती "कलर करेक्शन" खाली, "कस्टम"मध्ये "नो कलर अॅडजस्टमेंट" या नावाने मिळते. "फोटो एन्हान्स" दिसलं तर तेही काढा. त्या कागदाचा प्रोफाइलच नसेल तर "प्रिंटर मॅनेजेस कलर्स" ठेवा आणि ड्रायव्हरला त्याचं काम करू द्या. ड्रायव्हर नव्याने टाकला, विंडोज अपडेट झालं, की ही सेटिंग्ज मूळपदावर जातात. प्रिंट अचानक बिघडली तर आधी इथेच बघा, आणि बरोबर जमलेलं सेटिंग ड्रायव्हरमध्ये नाव देऊन साठवून ठेवा.

६. फाइल

एसआरजीबी, अॅडोबी आरजीबी आणि नव्या फोनमधला डिस्प्ले पी३, तिन्हीत आकडे तेच असले तरी रंग वेगळे निघतात. अॅडोबी आरजीबीची फाइल प्रोफाइल न बघणाऱ्या लॅबच्या यंत्रावर गेली की ती एसआरजीबी समजून छापली जाते आणि प्रिंट फिकी येते. लॅबला आणि मोबाइलवर द्यायच्या फाइली "कन्व्हर्ट टू प्रोफाइल" करून एसआरजीबीत द्या आणि सेव्ह करताना प्रोफाइल जोडायची खूण करा. "असाइन प्रोफाइल" वापरू नका. त्याने आकडे तसेच राहतात आणि रंग बदलतो. "कन्व्हर्ट"ने आकडे बदलतात आणि रंग जागेवर राहतो.

व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेली फाइल दाबलेली असते. डॉक्युमेंट म्हणून मागवा.

लॅबच्या रासायनिक कागदाच्या यंत्राला आरजीबी लागतं. सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे आकडे) करून देऊ नका. ऑफसेटवाल्याला सीएमवायके लागतं, पण त्याचा प्रोफाइल विचारूनच. लॅबमध्ये यंत्र प्रत्येक फोटोला आपोआप उजळ-गडद करतं, त्यामुळे अल्बमच्या समोरासमोरच्या दोन पानांवर नवरीच्या शालूचा रंग दोन प्रकारचा येतो. "ऑटो करेक्शन बंद" असं ऑर्डरवर स्पष्ट लिहा, आणि पूर्ण अल्बमच्या आधी चाचणी फाइलची एकच ४ × ६ प्रिंट काढून घ्या.

७. आवाक्याबाहेरचे रंग

इथे प्रिंटरचा दोष नसतो. स्क्रीन रंग उजेडाने करते, प्रिंट इंकने. स्क्रीनचे सगळ्यात भडक रंग इंकमध्ये नाहीतच. मोबाइलवर झळकणारा भगवा, पोपटी, गुलबक्षी, मोरपंखी हे त्यातले. पूर्ण निळा (०, ०, २५५) छापला की जांभळट येतो. ऑफसेटमध्ये गणवेशाचा गडद निळा हवा असेल तर सायन १०० ला मॅजेन्टा ७० च्या आतच ठेवा; दोन्ही १०० झाले की जांभळा झालाच समजा.

छापायच्या आधी हे स्क्रीनवरच बघता येतं. फोटोशॉपच्या व्ह्यू मेनूत प्रूफ सेटअप, मग कस्टम. तिथे कागदाचा प्रोफाइल निवडा. कंट्रोल आणि वाय दाबलं की प्रिंट कशी येईल ते दिसतं. त्यासोबत शिफ्ट दाबलं की आवाक्याबाहेरचे भाग करडे होतात. त्या भागाचंच सॅच्युरेशन थोडं उतरवा, पूर्ण फोटोचं नको.

रेंडरिंग इंटेंट, म्हणजे आवाक्याबाहेरच्या रंगांचं काय करायचं, तेही इथेच ठरवा. "रिलेटिव्ह कलरिमेट्रिक" आवाक्यातले रंग जसेच्या तसे ठेवतं आणि बाहेरचे सगळे काठावर आणून सोडतं. सोलापुरी चादरीच्या जकार्ड नक्षीत दोन जवळचे लाल असतात, एक मरून आणि एक राणीकडे झुकणारा. काठावर आले की दोन्ही एक होतात आणि नक्षीचा सपाट डाग होतो. अशा फोटोंना "पर्सेप्च्युअल" लावा: सगळेच रंग थोडे दबतात, पण नक्षी टिकते. चेहऱ्यांना "रिलेटिव्ह", ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशनची (गडद सावल्यांचा तपशील टिकवणारी) खूण करून.

८. यंत्राने कॅलिब्रेशन

इथपर्यंत करून थोडी झाक उरली, आणि काम रोजचं असेल, तर स्क्रीनवर टेकवायचं कॅलिब्रेटर घ्या. डेटाकलरचा स्पायडर किंवा कॅलिब्राइटचं यंत्र, दोन्ही चालतात. एकट्याला महाग वाटलं तर चारपाच स्टुडिओंनी मिळून घ्यावं. महिन्यातून एकदा अर्धा तासच लागतं. लक्ष्य: पांढरा डी६५ (६५०० केल्व्हिनच्या आसपासचा), गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) २.२, उजेड १०० कँडेला. कॅलिब्रेटर पॅनलचे रंग वाढवत नाही. आहे ते बरोबर दाखवतो, इतकंच.

थांबा आणि माणूस बोलवा

तीन क्लीनिंग आणि रात्रभर विश्रांती होऊनही जाळी तशीच तुटलेली आहे: सर्व्हिस सेंटर. सिरिंजने हेडमध्ये पाणी किंवा लिक्विड दाबू नका. दाबाने हेड आतून फुटतं, आणि थेंब केबलवर गेला तर मदरबोर्डही जातो.

इंक पॅड भरल्याचा संदेश आला: पॅड बदलून घ्या. रिसेटर सॉफ्टवेअरने आकडा शून्य होतो, पॅड ओलंच राहतं आणि इंक खालून टेबलावर येते. मेंटेनन्स बॉक्स वेगळा निघत असेल तर तो घरी बदलता येतो.

मॉनिटरचा अर्धा भाग पिवळा किंवा कोपरा काळवंडलेला: हे सेटिंगने जात नाही. मागचं झाकण उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज असते.

लॅबच्या सगळ्याच प्रिंटमध्ये, इतरांच्याही, तीच झाक आहे: ते काम लॅबचं. केमिकल आणि यंत्राचं कॅलिब्रेशन त्यांनी करायचं. तुम्ही फाइल बदलून भरपाई करू नका.

स्क्रीन जुळली, नोझल अखंड, सेटिंग बरोबर, आणि करडा चौकोन तरी करडा येत नाही: त्या इंक आणि कागदाचा प्रोफाइल जाणकाराकडून करून घ्या. ते रंगांच्या चौकोनांची फाइल देतात. ती रंगदुरुस्ती पूर्ण बंद ठेवून, आकार लहान-मोठा न करता छापायची, चोवीस तास सुकवायची आणि दुमडू न देता पाठवायची. फोटोशॉपमधून छापताना फोटोशॉपची स्वतःची दुरुस्ती नीट बंद होत नाही, म्हणून त्यासाठी अॅडोबीची "कलर प्रिंटर युटिलिटी" वापरा. छापायच्या दिवशी नोझल चेक काढून मगच सुरुवात करा. एक नोझल बंद असली तरी सगळा प्रोफाइल चुकतो.

चादर किंवा गणवेशाची शेड गिऱ्हाइकाकडून मंजूर करून घ्यायची असेल तर प्रिंट किंवा स्क्रीन, कशावरच विसंबू नका. कापडाचा रंग आणि इंकचा रंग दुकानातल्या ट्यूबखाली जुळले तरी उन्हात वेगळे दिसू शकतात. मंजुरीसाठी कापडाचा तुकडाच कुरिअर करा, आणि कॅटलॉगवर शेड नंबर छापा.